पुलाच्या बोळातली ती

४ जानेवारी

प्रिय आत्या,

पोहोचले. खोली मिळाली, कामावर रुजू झाले आणि आईने बरोबर दिलेले कुलूप इथल्या कडीत बसत नाही हेही कळले. या तीन बातम्या आईला फोनवर सांगून झाल्या आहेत. तुला हे पत्र चौथ्या गोष्टीसाठी लिहीत आहे, ती फोनवर सांगितली असती तर आई म्हणाली असती, "तू पुस्तकं जरा कमी वाच."

कामाचे स्वरूप आधी सांगते, कारण आपल्या घरी मी माळीण झाले असा समज पसरला आहे. इथल्या उद्यान विभागाने मला बागेत बसून येणाऱ्या-जाणाऱ्यांना प्रश्न विचारण्यासाठी नेमले आहे. तुम्ही इथे का येता, कुठे बसता, काय आवडते, काय नसते तर बरे झाले असते. अनोळखी माणूस समोर आला की जिच्या घशाला कोरड पडते, नेमकी तिलाच हे काम मिळाले. मी मान खाली घालून प्रश्न वाचते आणि लोक माझी कीव येऊन उत्तरे देतात. साहेब म्हणतात, "छान! तुमच्याशी लोक खरं बोलतात."

बाग लांबट आणि अरुंद आहे, कारण ती एका ओढ्याच्या अंगावर अंथरलेली आहे. पूर्वी तो उघडा वाहत असे. मग त्यावर स्लॅब घातला, स्लॅबवर माती आणि मातीवर हिरवळ. आता बागेच्या मध्यावर एक लोखंडी जाळी तेवढी उरली आहे, आणि जाळीखालचा आवाज. बाई वर्गात यायच्या आधी मुलींची कुजबुज चाललेली असते, तसा तो लांबून ऐकू येतो. जवळ गेले की थांबल्यासारखा वाटतो. थांबत नसणार, मीच श्वास रोखत असेन. मात्र बागेतले सगळे बाक त्या जाळीकडे पाठ करून बसवले आहेत, ही माझी कल्पना नव्हे.

आता चौथी गोष्ट. बागेत छान फरसबंद वाट आहे आणि तिच्यावरून फारसे कुणी जात नाही. बोळातली माणसे हिरवळ तुडवत, एका ठराविक रेषेने, आडवी पलीकडे जातात. माळीबुवा तिथे पुन्हा पुन्हा बी टाकून थकले. त्या रेषेवर गवत धरत नाही. आणि रेषेच्या मध्यावर आले की जो तो बरोबरच्या लहान मुलाला उचलून घेतो. मोजकी पावले चालतो आणि खाली ठेवतो. पिशवी या हातातून त्या हातात घ्यावी इतक्या सहज, बोलणेही न थांबवता. तिथे खड्डा नाही, पायरी नाही, नुसती सपाट जमीन आहे. एका वडिलांना मी धीर करून विचारले, "आपण आत्ता मुलीला का उचललंत?" ते गोंधळून म्हणाले, "उचललं का मी?"

बोळाला सगळे 'पुलाचा बोळ' म्हणतात. पूल कुठेही नाही.

बाबा लहानपणी या शहरात राहिले होते, एवढेच मला ठाऊक आहे. शहराचे नाव त्यांनी घरात कधी निघू दिले नाही आणि आता विचारायला ते नाहीत. तुला काही आठवते का?

तुझी,
शाई


१३ जानेवारी

चि. शाई,

दहावी झाली, पदवी झाली, आता पगारही सुरू झाला, तरी पत्रावर बोटाचा निळा ठसा आहेच. म्हणजे मी ठेवलेलं नाव अजून चालेल.

मला फारसं काही आठवत नाही. तिथून निघाले तेव्हा मी तुझ्याहून लहान होते. पुढे नर्सिंगच्या शाळेने डोक्यात इतकं कोंबलं की आधीचं सगळं बाहेर पडलं. मग जन्मभर वॉर्ड. मेट्रन होऊन निवृत्त झालेल्या बाईला औषधांच्या वेळा तेवढ्या आठवतात. कुणाच्या विचारशील तर तेही सांगता येणार नाही.

खोलीला ओल असेल. ओढ्याकाठच्या भिंती गुडघ्यापर्यंत पाणी पितात. उशी भिंतीला लावून झोपू नकोस, आणि वाचताना जेवू नकोस. तू जेवताना वाचतेस असं म्हणशील, पण मी तुला पाहिलंय. तू वाचताना जेवतेस.

मुलांना का उचलतात हे एकाच माणसाला विचारून सोडून दिलंस? तुला पगार कशाचा मिळतो गं? बोळाच्या तोंडाशी एखादं जुनं दुकान असेल. तिथल्या बाईला विचार. अशा बायकांना सगळं ठाऊक असतं.

आणि सहज विचारते. हिरवळीवरची ती रेष सरळ जाते, की मध्ये डावीकडे जराशी वळते?

आत्या


२४ जानेवारी

प्रिय आत्या,

वळते. तुझे पत्र वाचून मी मुद्दाम जाऊन पाहिले. बरोबर मध्यावर, जाळीच्या अलीकडे, ती डावीकडे झुकते आणि पुन्हा सरळ होते. तुला कसे ठाऊक? तू तर म्हणतेस काही आठवत नाही.

बोळाच्या तोंडाशी इस्त्रीचे दुकान आहे. ते चालवणाऱ्या काकू साठीच्या असतील. बारीक चण, आवाज मात्र पलीकडच्या रस्त्यावर पोहोचणारा. मी दाराशी उभी राहून प्रश्न वाचू लागले, तर म्हणाल्या, "आधी बस. उभ्यानं प्रश्न विचारणारं माणूस मला जप्तीचं वाटतं." मी बसले. त्यांची चार-पाच वर्षांची नात कपड्यांच्या गठ्ठ्यावर बसून माझ्या चष्म्याकडे पाहत होती. मुलांना का उचलतात हे विचारल्यावर काकूंनी इस्त्री उभी करून ठेवली. पुढचे त्यांच्याच शब्दांत लिहिते.

"तिथं पूल होता. लाकडी फळ्यांचा, मध्ये वाकडा. आमच्या बोळात एक मुलगी होती, माझी जिवाभावाची मैत्रीण. त्या दिवशी सकाळी आम्ही पुलावर भेटणार होतो. तिला काहीतरी सांगायचं होतं. मला उशीर झाला. वेणी नीट येईना म्हणून मी आरशासमोर बसले होते. तोवर वरच्या अंगाला पाऊस पडून ओढा फुगला. मी पोहोचले तर पाणी फळ्यांना लागलेलं आणि पुलाच्या मध्यावर तिच्या चपला. अगदी जोडीनं, उंबऱ्यापाशी काढतात तशा. ती नाही."

"कुणी शोधलं नाही?"

"आठवडाभर शोधलं. तिची आई आली, चपलांकडे बघितलं आणि गप्प उभी राहिली. एक शब्द नाही. आम्हाला काय ते कळलं. मग तिच्या घरचे बोळ सोडून गेले."

त्यानंतर काकू ओढा झाकून घेण्याच्या मागे लागल्या. कचेरीच्या दारात रोज जाऊन बसत. शेवटी कचेरीच कंटाळली. "तोंड बंद केलं मी त्याचं," त्या म्हणाल्या. जाळीशेजारी बोळाने एक झाड लावले. ते आता चांगलेच मोठे झाले आहे. त्याला 'तिचं झाड' म्हणतात. मुलीचे नाव मात्र कुणी घेत नाही. सगळे 'आपली ती' म्हणतात. पाऊस यायच्या आधी आपली ती जाळीतून हाका मारते, असे त्यांची नात मला समजावून सांगत होती. आमच्या गल्लीत कुत्री भुंकतात म्हणावे, तितक्या साधेपणाने.

आता मी इथे का आहे ते सांगायला हवे. स्लॅबला तडे गेले आहेत. खालून पाण्याला पुरेशी वाट नाही, म्हणून ते पावसाळ्यात घरांत शिरते. विभागापुढे दोनच मार्ग आहेत. एक, स्लॅब काढून ओढा पुन्हा उघडा करायचा, काठ बांधायचे, झाडे लावायची. दुसरा, सगळे पाणी मोठ्या नळातून दुसरीकडे वळवायचे आणि ओढा कायमचा बुजवायचा. बोळ 'हो' म्हणाला तरच पहिला. मार्चमध्ये सुनावणी आहे. बोळ काकूंचे ऐकतो, आणि काकू म्हणतात, "ज्यानं आमचं माणूस खाल्लं, त्याला मोकळं सोडायचं?"

आत्या, मी रोज त्या जाळीशी बसते. पाण्याला जीव असतो असे मी मानत नाही. पण खाली काहीतरी अजून जात आहे, आणि ते थांबवण्याच्या कागदावर माझ्याही प्रश्नांची उत्तरे जोडली जाणार आहेत. तो ओढा जिवंत राहावा असे मला फार वाटते. हे मी अजून साहेबांपाशीही बोललेले नाही.

तुझी,
शाई


३ फेब्रुवारी

शाई,

थोडंच लिहिते. या प्रश्नांची उत्तरं पाठव.

चपला कशा होत्या? त्या बाई नक्की 'तिच्या चपला' म्हणाल्या? नीट आठवून सांग.

त्या भराभर बोलतात का, टिटवीसारख्या? श्वास न घेता?

आई खरंच काही बोलली नाही?

आणि तू कुणाची कोण, हे त्या बोळात सांगू नकोस. बाबांचं नावही नको.

आत्या


११ फेब्रुवारी

प्रिय आत्या,

तुझे पत्र मी पुन्हा पुन्हा वाचले. आजवर तू मला एवढे लहान पत्र कधीच लिहिले नव्हतेस, आणि त्यात एकही टोमणा नव्हता.

चपला तपकिरी होत्या, पितळी बकलाच्या. हो, 'तिच्या चपला' असेच म्हणाल्या. बोळातले इतर दोघे-तिघेही तसेच म्हणाले. काकू टिटवीसारख्याच बोलतात. फक्त त्या मुलीची गोष्ट सांगताना वाक्यावाक्याला थांबत होत्या. आई काहीही बोलली नाही, याबद्दल सगळ्यांचे एकमत आहे.

तू विचारलेस 'आई'. 'तिची आई' असे तू लिहिले नाहीस. मला उशिरा उमगले, पण उमगले. रेष डावीकडे वळते हे तुला ठाऊक होते. बाबा या शहराचे नाव काढू देत नसत. आत्या, तुला एक बहीण होती ना? माझी आणखी एक आत्या? आणि तुम्ही दोघांनी तिचे दुःख इतके खोल पुरलेत, की मला तिचे नावही ठाऊक नाही.

काल सकाळी मी तिच्या झाडापाशी गेले. बुंध्याला हात लावला आणि मनात म्हटले, मी तुमची भाची. जाळीखाली आवाज चालू होता. या खेपेला तो थांबला नाही. मला भीती वाटली नाही असे लिहिणार होते, पण तुझ्याशी खोटे कशाला? वाटली. कुणीतरी ओळखून वर पाहावे तशी.

तुला नको असेल तर या विषयावर पुन्हा लिहिणार नाही.

तुझी,
शाई


२ मार्च

चि. शाई,

उत्तराला उशीर झाला. आजारी नव्हते. खुर्चीत बसून होते, एवढंच.

मला बहीण नव्हती. आम्ही दोघंच, दादा आणि मी.

तू ज्या झाडाला हात लावलास ते माझं आहे.

वाचून दचकली असशील. मी तर तीन आठवडे दचकलेलीच आहे. चाळीसेक वर्षं आपण जिथे मेलेल्या आहोत, तिथून भाचीचं पत्र यावं आणि त्यात आपल्या झाडाची खुशाली असावी! वॉर्डात मी पुष्कळ माणसं जाताना पाहिली. गेल्यावर मागे काय चालतं हे वाचायची पाळी मात्र माझ्या एकटीवरच आली असावी.

झालं ते सांगते. घरी माझं लग्न ठरवत होते आणि मला नर्सिंगच्या शाळेत जायचं होतं. जागा मिळाल्याचं कळलं होतं. सकाळच्या गाडीने निघायचं ठरवलं. टिटवीला, म्हणजे तुझ्या इस्त्रीवाल्या काकूंना, पुलावर बोलावलं होतं. निरोप घ्यायचा होता, आणि तिच्या चपला परत करायच्या होत्या. तपकिरी, पितळी बकलाच्या. माझ्याकडे घरच्या फाटक्या तेवढ्या होत्या, म्हणून शाळेच्या मुलाखतीला तिच्या मागून नेल्या होत्या. ती आली नाही. मी वाट पाहिली, गाडीची वेळ झाली. मग चपला पुलाच्या मध्यावर ठेवल्या, तिला येताच दिसतील अशा. पाणी तेव्हा बरंच खाली होतं. मी माझ्या फाटक्या चपला घालून पलीकडे गेले.

शाई, ती परत केलेली वस्तू होती. दुसरं काही नाही.

महिन्याभराने मी आईला लिहिलं. उत्तर नाही. पुन्हा लिहिलं, नाही. मला वाटलं, चिडली आहे, साहजिक आहे. आई गेल्यावर दादाने मला शोधून काढलं आणि म्हणाला, "तिकडे मात्र जाऊ नकोस. तिथं आता आपलं कोणी नाही." मी समजले, बोळात माझ्या नावाने अजून थुंकत असतील. इतकी वर्षं मी त्या थुंकीला भिऊन दूर राहिले, आणि तिथे त्यांनी माझं झाड लावलं होतं!

आई पुलावर गप्प का उभी राहिली, हे मला आता कळतं. पोरगी पळाली यापेक्षा पोरगी बुडाली हे तिला सोसवलं असेल. ती खोटं बोलली नाही. लोक बोलले, तिने अडवलं नाही. तेवढ्यावर ओढा गुन्हेगार ठरला.

त्याने मला काही केलं नाही गं. मी लहानपणी त्याच्याशी बोलायचे.

आत्या


८ मार्च

प्रिय आत्या,

काय लिहावे हे कुठल्याही पुस्तकात सापडले नाही, म्हणून सरळ लिहिते.

मी काल इस्त्रीच्या दुकानावरून गेले आणि आत पाहू शकले नाही. काकू एका सदऱ्याची कॉलर बसवत होत्या. उशीर झाला म्हणून मैत्रीण गेली, हे त्या इतकी वर्षे त्याच टेबलापाशी उभ्या राहून स्वतःला सांगत आल्या आहेत. त्यांना सत्य कळले तर सुटतील की मोडतील, मला समजत नाही.

सुनावणी वीस तारखेला, सकाळी, शाळेच्या सभागृहात आहे. तू आलीस तर ओढा वाचू शकेल. तू आलीस तर आजीचे मौनही सर्वांसमोर उघडे पडेल. मी 'ये' म्हणणार नाही आणि 'येऊ नकोस' असेही म्हणणार नाही. परीक्षेत मी एकही प्रश्न सोडला नव्हता. हा सोडते आहे.

हल्ली जाळीशी बसले की आवाज पूर्वीसारखाच येतो, पण मला आता त्यात कुणी ऐकू येत नाही. नुसते पाणी. त्याने अधिकच उदास वाटते. इतकी वर्षे लोकांनी त्याच्यात एक मुलगी ऐकली. त्याचे स्वतःचे कुणी ऐकलेच नाही.

तुझी,
शाई


१५ मार्च

शाई,

येते. सकाळच्या बसने, सुनावणीच्या दिवशीच. तुझ्या ओल्या खोलीत मुक्काम करणार नाही. मला न्यायला थांबू नकोस, बोळ मला सापडेल.

माझ्या आईला मी मनातल्या मनात समजावलंय. आता ती काही म्हणणार नाही.

आत्या


२३ मार्च

चि. शाई,

सुखरूप पोहोचले. गुडघे दुखतायत, बाकी जिवंत आहे. निदान माझं तसं मत आहे. तुमच्या बोळाचं वेगळं पडलं.

तू माझ्यासाठी रडत बसू नयेस म्हणून हे लिहिते. सभागृहात मी मागच्या रांगेत होते. टिटवी पुढे उभी राहून बोलत होती आणि माझ्या मनात आलं, आवाज तसाच आहे, फक्त आता त्याला धार लागली. "आमच्या मुलीला त्यानं गिळलं," म्हणाली. आपल्याच मरणाचं भाषण ऐकणं सोपं नसतं. मी उभी राहिले. "गिळलं नाही. मी ती." एवढंच बोलले.

मग तुमच्या बोळातला तो जाड मिशांचा घड्याळजी ओरडला, "खात्यानं आता भुतंही पगारावर ठेवली वाटतं!" सगळे हसले. मी म्हणाले, "पगार नाही रे बाबा, पेन्शन." त्यावरही हसले. मला बरं वाटलं. हसवता येतं म्हणजे आपण आहोत.

तू उठलीस ते मात्र मी विसरणार नाही. माइक लांब होता, तुला कुणी बोलावलं नव्हतं. "या माझ्या सख्ख्या आत्या आहेत. मी यांच्याच घरातली आहे." शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं. त्याने काम बिघडलं हे खरं. भाची खात्यात, आत्या सभेत. त्यांना वाटलं, आपण दोघींनी मिळून नाटक बसवलंय. तरी बोललीस. घसा कोरडा पडला होता का गं?

शेवटी मी तिलाच म्हणाले, "टिटवे, त्या चपला तुझ्या होत्या. मी परत ठेवल्या होत्या." सगळे तिच्याकडे बघायला लागले. तिने माझ्याकडे पाहिलं. डोळे तेच. आणि म्हणाली, "मी या बाईंना ओळखत नाही."

मला राग नाही. तिने जन्मभर एक मेलेली मैत्रीण सांभाळली. मी दारात उभी राहून तिला म्हणतेय, ते टाकून दे, त्या जागी ही गुडघेदुखीवाली म्हातारी घे. कोण घेईल?

परतताना बागेतून गेले. झाड छान वाढलंय. पानांवर कीड आहे, माळीबुवांना सांग. रेषेवरून चालले. मध्यावर पाय आपोआप डावीकडे वळले.

आत्या


३१ मार्च

प्रिय आत्या,

घसा कोरडा पडला होता. अजूनही आहे.

सुनावणीचे आधी सांगते. निर्णय झाला नाही. साहेबांनी मला खोलीत बोलावून विचारले, "हे नातं आधी का सांगितलं नाहीत?" त्यांनी पुढची सुनावणी एप्रिलच्या शेवटी ठेवली आहे. तोवर काम करा, पण तुमच्याशी आता कुणी बोलेल असं वाटत नाही, म्हणाले. तसेच झाले. मी बागेत टेबल मांडून बसते आणि बोळातली माणसे माझ्यावरून नजर नेतात, बाकावरून न्यावी तशी. आपली ती होणे म्हणजे काय, हे मला थोडेसे कळले.

पण तुला न दिसलेले काही मला दिसले आहे. तुला काकूंचा चेहरा दिसत होता. मी बाजूच्या टेबलापाशी होते, तिथून मला त्यांचे पाय दिसत होते. तू चपलांचे बोललीस आणि त्यांनी दोन्ही पाय हळूच चपलांतून बाहेर काढून घेतले. 'ओळखत नाही' म्हणाल्या, तेव्हा त्या अनवाणी होत्या.

हे तुला लगेच कळवणार होते. नंतर वाटले, पायांचा पुरावा कोण मानणार? कळवले नाही ते बरे झाले, कारण काल सकाळी काकू बागेत आल्या.

नातीला शाळेत सोडायला निघाल्या होत्या. सभेपासून त्या बागेतून जातच नव्हत्या. पलीकडच्या रस्त्याने वळसा घेत. काल थेट माझ्या टेबलापाशी आल्या आणि उभ्याच राहिल्या. मी म्हटले, "बसा ना." म्हणाल्या, "नको. त्या बाई गेल्या?"

"हो. त्याच दिवशी."

"चहापाणी?"

"काही न घेता गेल्या."

बराच वेळ त्या झाडाकडे पाहत होत्या. मग नेहमीच्या भरधाव आवाजात बोलू लागल्या, जणू मी काही विचारले होते. "माझ्या चपला तिला चावायच्या. पाय मोठे होते तिचे, टाचेला फोड यायचे. तरी मागून न्यायची. मी म्हणायची, अगं, चावतात तर कशाला नेतेस? तर म्हणायची, बकल चमकतं."

बोळात 'तिच्या चपला' म्हणतात, आत्या. गेली चाळीस वर्षे काकूही तेच म्हणत आल्या.

मग त्यांनी नातीचा हात धरला आणि त्या रेषेवरून निघाल्या. मध्य जवळ आला तशी नातीने, न सांगता, सवयीने, उचलून घेण्यासाठी दोन्ही हात वर केले. काकू थांबल्या. त्या वर झालेल्या हातांकडे पाहत राहिल्या. मला वाटले, आता उचलतील. त्यांनी त्यातला एक हात धरला, खाली घेतला आणि चालू लागल्या. नात दोन पावले अडखळली. मग तिला मौज वाटू लागली. नेमक्या वळणावर ती उभी राहिली, पाय आपटून पाहू लागली आणि म्हणाली, "आजी, खाली काय वाजतंय?"

हा प्रश्न बागेत मी अनेक मुलांच्या तोंडून ऐकला आहे. मोठी माणसे 'काही नाही' म्हणतात आणि पावले उचलतात.

"ओढा आहे," काकू म्हणाल्या.

"तो काय करतो?"

"जातो. आणखी काय करणार?"

पलीकडे पोहोचल्यावर त्यांनी मागे वळून मला हाक मारली. त्यांचा आवाज तुला ठाऊक आहे. सगळी बाग ऐकत होती. "ए, चष्मेवाले! पुढची सभा कधी म्हणालीस?"

मी उभी राहून तारीख आणि वेळ सांगितली. माझा आवाज तिथवर पोहोचला असावा.

"तिला लिही," त्या म्हणाल्या, "या खेपेला मला उशीर होणार नाही."

लिहिले आहे. तू येशील ना?

तुझी,
शाई